बाळंतिणीचा एकच पाय सुजला तर चोळू नका (गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या)

अजिंक्यतारा

बाळंतिणीचा एकच पाय सुजला असेल, पोटरी किंवा जांघ दुखत असेल, हात लावल्यावर तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, तर त्याला तेल लावून चोळू नका. चेपू नका, शेकू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि पायाचा कलर डॉप्लर (शिरांतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी) करायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. धागा काढायचं कारण एवढंच आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी इथवर वाचलं तरी चालेल.

आमच्या घरात हे होऊन गेलं. भावजय बाळंतपणाला माहेरी न जाता इथे साताऱ्यातच राहिली होती. बऱ्याच कळा देऊन शेवटी घाईनं सिझर करावं लागलं. बाळ-बाळंतीण घरी आली, बारशाची तयारी चालू होती. एक दिवस ती म्हणाली, डाव्या जांघेत दुखतंय. टाके ओढत असतील असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी मांडी जड झाली, पोटरी तटतटली. आईनं शेगडी बाजेजवळ ओढली आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी तेलाची वाटी घेऊन बसल्या. त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले, नडगीवर अंगठा दाबून बघितला आणि वाटी बाजूला सारली. "ह्यो पाय मी चोळायची न्हाई. ह्याचा रंगच येगळा दिसतोय. आदी डाक्टरला दावा."

त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. डॉक्टरांनी शिंप्याच्या टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या, डावी चांगली जाड भरली. मग डॉप्लर. मी आत तिच्याजवळ होते. सोनोग्राफीचे डॉक्टर शिरेवर प्रोब दाबत होते. चांगली शीर दाबली की पडद्यावर चपटी होऊन नाहीशी होते. जांघेतली शीर कितीही दाबली तरी गोलच राहात होती, कारण आत गुठळी बसलेली. तीच गुठळी चोळण्यानं सुटली असती तर रक्तातून थेट हृदयात आणि तिथून फुफ्फुसात गेली असती. माणूस त्यात दगावू शकतं.

गुठळी होते कशी, हे नंतर वाचून आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं. वार पडताना रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून बाईचं शरीर कितीतरी महिने आधीपासून तयारी करतं. फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ असे रक्त गोठवणारे घटक वाढतात, गोठणं आवरतं घेणारं प्रोटीन एस कमी होतं. ही सोय नसती तर बाळंतपणं फार जीवघेणी झाली असती. पण त्याच वेळी वाढलेल्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर पडतो, पायातलं रक्त वर चढायला वेळ लावतं, आणि प्रसूतीत किंवा सिझरमध्ये शिरांना इजा होते. रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरांच्या नावानं गुठळीची तीन कारणं सांगतात: रक्त गोठायला उत्सुक असणं, रक्त साचणं आणि शिरेला इजा. बाळंतिणीत तिन्ही एकत्र येतात. (१३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस, तोच जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात.)

प्रमाण साधारण हजार बाळंतपणांत एक ते दोन. म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. गरोदर नसलेल्या त्याच वयाच्या बाईपेक्षा धोका चार-पाच पट असतो. तो पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि सगळ्यात जास्त असतो बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत. त्यातही पहिले दोन-तीन आठवडे जास्त जपायचे. म्हणजे नेमका आपला सव्वा महिना.

आणि पाय बहुतेक वेळा डावाच. डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून जाते, तिथे ती आधीच दाबलेली असते. उजव्याला होत नाही असं नाही, पण डावा पाय दुखतोय म्हटलं की कान टवकारायचे.

एक गोष्ट मनाला फार लागली. डिस्चार्ज देताना टाक्यांची, बाळाच्या लसीची, पुढच्या तपासणीची सगळी माहिती दिली. पायाबद्दल, दम लागण्याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. ही दोन वाक्यं प्रत्येक बाळंतिणीच्या घरच्यांना सांगायलाच हवीत. आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या बाळाचं वजन करतात तेव्हा आईचे दोन्ही पाय शेजारी ठेवून बघायला एक मिनिट पुरे.

---

कृष्णाकाठ

ताई, फार चांगला धागा. मला आठवा महिना चालू आहे, संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, चपला घट्ट होतात. सासूबाई म्हणतात सगळ्यांचेच सुजतात. आता हे वाचून धास्ती वाटतेय. रात्री पोटरीत गोळाही येतो.

---

वारणेकाठची_डॉक्टर

मी सांगली जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कृष्णाकाठ, दोन्ही पाय सारखे सुजणं, दिवसभर उभं राहिल्यावर वाढणं आणि रात्री पाय उंचावर ठेवल्यावर सकाळी उतरणं, हे शेवटच्या महिन्यांत बहुतेकींना होतं. पोटरीत गोळा आला तर तो काही क्षणांत किंवा मिनिटांत सुटतो. गुठळीचं दुखणं सुटत नाही, ते राहतं, चालताना वाढतं, आणि पाय सहसा एकच असतो. कधी कधी पायाला सूज न येता फक्त जांघेत, कुल्ल्यात किंवा ओटीपोटात एका बाजूला दुखतं, कारण गरोदरपणात गुठळी वरच्या शिरांमध्ये होण्याचं प्रमाण जास्त आहे. अशांना कंबरदुखी म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि दिवस वाया जातात.

मात्र दोन्ही पायांबरोबर चेहरा, हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं तर ती वेगळी तक्रार आहे. ताबडतोब बीपी तपासून घ्या.

कोरोनानंतर सगळ्यांना डी-डायमर (गुठळीची शंका तपासणारी रक्तचाचणी) ठाऊक झालाय. पेशंट स्वतःच रिपोर्ट काढून आणतात. गरोदरपणात तो एरवीही वाढलेलाच असतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर काही ठरत नाही. पायासाठी डॉप्लर हीच पहिली तपासणी. त्यात किरणोत्सार नसतो, बाळाला काही होत नाही.

---

जुना_वाडा_वाई

पटलं नाही. आमच्या आया-आज्ज्या सव्वा महिना बाजेवरून उतरल्या नाहीत. रोज तेल, रोज शेक, बाळंतशेपाची धुरी. पाच-पाच, सहा-सहा बाळंतपणं झाली. कुणाला गुठळ्या झाल्याचं ऐकलं नाही. हल्ली सगळ्याचीच भीती घालतात.

---

अजिंक्यतारा

काकू, तेलाला किंवा न्हाऊ-माखू घालण्याला माझा अजिबात विरोध नाही. भावजयीलाही नंतर डॉक्टरांना विचारून पाठीला, हातांना मालिश चालूच ठेवलं. फक्त दुखऱ्या, सुजलेल्या पायाला हात लावायचा नाही, एवढंच.

आणि ऐकलं नाही म्हणाल तर मी माझ्या आत्यांना विचारलं. त्यांच्या लहानपणी कोरेगावकडच्या एका भावकीत बाळंतीण "बसल्या बसल्या गेली" असं सांगतात. छातीत कळ आली, पाणी मागितलं आणि संपली. त्या वेळी बाहेरची बाधा म्हणाले. काय झालं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण अशा गोष्टी बहुतेक घरांच्या आठवणीत आहेत, त्यांना कुणी गुठळी हे नाव दिलं नाही इतकंच.

आपल्या पद्धतीतल्या दोनच गोष्टी बदलाव्या असं मला मनापासून वाटतं. पहिली, पाणी. "पाणी जास्त प्यालं की पोट सुटतं" म्हणून बाळंतिणीला घोट घोट पाणी देतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला उलट जास्त पाणी लागतं, आणि शरीर कोरडं पडलं की गुठळीचा धोका वाढतो. उकळून कोमट केलेलं द्या, शेपा घालून द्या, पण तहान भागेपर्यंत द्या. दुसरी, पडून राहणं. विश्रांती हवीच, घरकाम नकोच. पण दर थोड्या वेळानं उठून घरातल्या घरात चालायचं, बाजेवर असताना पावलं वरखाली करत राहायचं. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, धुरी सगळं राहू द्या की.

---

माणगंगा

मी दहिवडी भागातला. सहसा लिहीत नाही, पण हे लिहिलंच पाहिजे. माझ्या पत्नीची प्रसूती नॉर्मल झाली होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त. घरी आल्यावर काही दिवसांनी बाथरूमपर्यंत चाललं तरी तिला धाप लागायची. मोठा श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखायचं. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, रक्त कमी आहे म्हणाले. घरातले म्हणाले बाळंतिणीला दम लागणारच.

कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटात पडलं होतं. सहज लावलं तर ८९ आणि नाडी १३० च्या पुढे. सेल उतरलेत म्हणून माझ्या बोटाला लावलं, माझं ९८. तेव्हा १०८ ला फोन केला. वाटेत दहा मिनिटांत तिचे ओठ निळसर झाले होते. पाय अजिबात सुजलेला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या निघाल्या. आज ती ठणठणीत आहे, मुलगी अंगणवाडीत जाते.

बाळंतपण सरळ झालं म्हणजे धोका टळला असं समजू नका.

---

वारणेकाठची_डॉक्टर

माणगंगा, तुम्ही ऑक्सिमीटर लावून बघितलंत हे फार मोलाचं झालं. अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, नाडी खूप जलद, यातलं काहीही असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात. आधी गावात दाखवू, मग उद्या बघू, असं करू नका. जाताना फोनवर सांगून ठेवा की बाळंतीण आहे आणि फुफ्फुसात गुठळी असेल अशी शंका आहे. या दोन शब्दांनी पुढची धावपळ वाचते.

गरोदरपणात सीटीला नाही म्हणणारे नातेवाईक भेटतात. छातीच्या त्या तपासणीत बाळापर्यंत पोचणारा किरणोत्सार फार थोडा असतो. निदान न होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. बाळंतपणानंतर सीटीचं औषध शिरेतून दिलं तरी अंगावर पाजणं थांबवायची गरज नसते.

---

सागरेश्वर

सेरेना विल्यम्सचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. तिला २०११ मध्ये फुफ्फुसात गुठळ्या झाल्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझरनं मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी धाप लागली. तिनं स्वतःच नर्सला सांगितलं, मला सीटी आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पाहिजे. नर्सला वाटलं वेदनाशामकांमुळे ही गोंधळलीय. आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. नंतर सीटीत फुफ्फुसातल्या गुठळ्या दिसल्या. जगातली इतकी मोठी खेळाडू, तिला आपलं म्हणणं लावून धरावं लागलं. आपल्या सुना-लेकींचं "दम लागतोय" ऐकून घेणारं कुणीतरी घरात हवं.

---

मिरज_स्टाफ

मी परिचारिका आहे. मिरजेत कर्नाटकापासूनचे पेशंट येतात, त्यामुळे मेंदूतली गुठळीही बघायला मिळते. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. बाळंतिणींमध्ये ती आपल्या देशात पूर्वीपासून नोंदली गेलीय. सुरुवात डोकेदुखीनं होते. न थांबणारी, दिवसागणिक वाढणारी, आडवं पडल्यावर जास्त होणारी. मग उलट्या, अंधुक दिसणं, एक हात लुळा पडणं, झटके.

नातेवाईक म्हणतात, पाठीत भूल दिली होती त्याची डोकेदुखी असेल. भुलीची डोकेदुखी सहसा बसल्यावर वाढते आणि आडवं पडल्यावर कमी होते. हा फरक लक्षात ठेवा, पण घरी बसून ठरवू नका, दाखवा. आणि झटका आला म्हणून आधी देवऋषाकडे नेलेल्या पेशंट मी पाहिल्यात. त्यात गेलेले तास परत येत नाहीत. झटक्यांचं कारण वाढलेलं बीपीही असू शकतं, दोन्हींत दवाखानाच.

---

हळदपेठ

आम्ही जैन आहोत. बहिणीला सातव्या महिन्यात गुठळी निघाली, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन सुरू करायचंय. ते डुकरापासून बनवतात असं कुणीतरी घरी सांगितलं आणि आजीनं जेवण सोडलंय. खरं आहे का? गोळ्या घेता येणार नाहीत का?

---

वारणेकाठची_डॉक्टर

खरं आहे. हेपरिन आणि एनॉक्सापरिनसारखी त्यातून बनवलेली औषधं डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. लपवण्यात अर्थ नाही, पेशंटला हे कळण्याचा हक्क आहे. पण ही औषधं वार ओलांडून बाळापर्यंत जात नाहीत, म्हणून गरोदरपणात तीच पहिली निवड. रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी बाळापर्यंत जाते, सुरुवातीच्या महिन्यांत त्यामुळे बाळात व्यंग येऊ शकतं आणि नंतर बाळाला रक्तस्रावाचा धोका असतो. रिव्हारॉक्सॅबान, एपिक्सॅबान या नव्या गोळ्या गरोदरपणात आणि अंगावर पाजताना देत नाहीत. फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे कृत्रिम इंजेक्शन आहे, पण गरोदरपणातला त्याचा अनुभव कमी. तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. तोपर्यंत इंजेक्शन थांबवू नका, अशी हात जोडून विनंती.

---

हळदपेठ

धन्यवाद डॉक्टर. आजीला आमच्या इथल्या एका ज्येष्ठ श्रावकांनी समजावलं, दोन जिवांचा प्रश्न आहे म्हणाले. काल रात्री तिनं स्वतः बहिणीजवळ बसून पहिलं इंजेक्शन घ्यायला लावलं. आता रोज घरी कसं द्यायचं?

---

अजिंक्यतारा

भावजय स्वतःच घ्यायला शिकली, म्हणून सांगते. इन्सुलिनसारखं पोटाच्या चरबीत द्यायचं. बेंबीपासून दोन इंच लांब, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, हळूहळू दाबायचं, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो मुद्दाम ठेवलेला असतो. नंतर ती जागा चोळायची नाही. तरी निळे-जांभळे डाग पडतात, त्याला घाबरू नका. फ्रीझरमध्ये ठेवू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात जमवून दवाखान्यात परत द्या.

तिला बाळंतपणानंतर झाल्यामुळे पुढे वॉरफरिनवर आणलं. अंगावर पाजताना ते चालतं. मात्र आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्तचाचणी) तपासत राहावं लागतं. मेथी-पालक सोडायचा नाही, रोज साधारण सारख्या प्रमाणात खायचा. आणि घरातला कुठलाही काढा, कुठलीही दुखण्याची गोळी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही.

---

खानापूर_घाटमाथा

आमच्याकडे विटा-आटपाडीची निम्मी घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात, देशभर पांगलेली. पोरी-सुना बाळंतपणाला केरळ, तमिळनाडूतून रेल्वेनं गावी येतात, रात्रभर आणि दिवसभर बसून. सहा आठवड्यांनी तान्ह्या बाळाला घेऊन परत. त्यांनी काय करावं?

---

वारणेकाठची_डॉक्टर

चार तासांपेक्षा लांबचा कुठलाही प्रवास लक्षात घ्यायचा. रेल्वे बरी, डब्यात फिरता येतं. दर तासा-दीड तासानं उठून फेरी मारायची, बसल्या जागी पावलं हलवायची, पाणी भरपूर. लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, ते नको. गाडीनं येत असाल तर दर दोन तासांनी उतरून चालायचं. आधी गुठळी झालेली असेल, जुळी असतील, वजन खूप असेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. पायावर दाब देणारे पायमोजे किंवा इंजेक्शन लागेल का ते ठरवतील.

सिझरवाल्यांसाठी एक. ब्रिटनच्या आरसीओजी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१५ च्या सूचनांनुसार, घाईनं केलेल्या सिझरनंतर १० दिवस इंजेक्शन द्यायचा विचार करावा, आणि ठरवून केलेल्या सिझरमध्ये इतर धोके असतील तर. वय ३५ च्या वर, लठ्ठपणा, वाढलेलं बीपी, खूप रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हे ते धोके. तुमच्या बाबतीत काय ठरलं, हे डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या.

---

कृष्णाकाठ

डॉक्टर, शेवटचा प्रश्न. मोठ्या जावेला पहिल्या वेळी गुठळी झाली होती. आता दुसरा चान्स घ्यायचा म्हणतेय. घेऊ शकते का? आणि तोवर आशाताईंकडच्या माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या चालतील का?

---

वारणेकाठची_डॉक्टर

घेऊ शकते. दिवस गेल्याचं कळताच, पाळी चुकल्याच्या आठवड्यातच, डॉक्टरांकडे जायचं आणि जुने सगळे कागद न्यायचे. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत कमी मात्रेचं इंजेक्शन द्यावं लागतं. कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या की पुढचा डोस न घेता दवाखान्यात यायचं. पाठीत भूल द्यायची तर शेवटच्या कमी मात्रेच्या डोसनंतर १२ तास आणि पूर्ण मात्रेच्या डोसनंतर २४ तास जावे लागतात, म्हणून शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते लिहून ठेवायचं.

माला-एन नको. त्यात इस्ट्रोजेन असतं आणि गुठळी होऊन गेलेल्या बाईनं इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. तांबी चालते. गौरी-गणपतीला, वारीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणतात, त्याही तिनं विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जावेला म्हणावं, आशाताईंना आणि मेडिकलवाल्यालाही सांगून ठेव की मला गुठळी झाली होती.